दात उजळले, सिमेंट पिवळंच: घरच्या ब्लीचिंगचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

दात उजळवायचं जेल मापाच्या ट्रेमध्ये भरून तो ट्रे दातांवर बसवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थेट तक्रारीवर येतो. शाळेत असताना क्रिकेटमध्ये माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, भरलंय. सगळेच दात चहाने पिवळट होते तोवर ते खपून जायचं. आता बाकीचे दात उजळले आणि तो कोपरा तसाच राहिला. लोकलमध्ये समोरच्या काकूंनी खुणेने सांगितलं, "दातात काहीतरी अडकलंय."

जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं होतं. त्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ते दाताच्या आत शिरून रंगद्रव्यं फोडतं. कॉम्पोझिटवरचे वरवरचे डाग जातात, पण त्याचा मूळ रंग हलत नाही. कॅपचंही तेच. ट्रे-जेल देणाऱ्या दादरच्या क्लिनिकने हे सांगितलं, पण कधी? पैसे भरून, ट्रेचं माप देऊन झाल्यावर!

मी सुरुवातीला या जेलला दोनच स्टार देणार होतो. आता चार देतो, कारण काम चोख आहे. पहिले काही दिवस थंड पाण्याने कळ यायची, ती आपोआप थांबली. मागच्या दाढेत जुनी चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं धातूचं फिलिंग, आहे. पेरॉक्साइड लागलं की चांदीतून पारा जास्त सुटतो असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय, म्हणून ट्रे पुढच्या दातांपुरताच कापून घेतला. हे मात्र क्लिनिकने आपणहून केलं.

कोर्स संपल्यावर लगेच सिमेंट बदलायला गेलो, तर म्हणाले, दोन आठवड्यांनी या. मला वाटलं, आणखी एका खेपेची फी काढतायत. पण कारण खरं आहे. दातात उरलेला ऑक्सिजन नवीन सिमेंट नीट घट्ट होऊ देत नाही, पकड कच्ची राहते. शिवाय उजळलेल्या दातांचा रंगही थोडा मागे येऊन मगच स्थिरावतो. आधीच शेड जुळवली तर पुन्हा फरक दिसणार.

नवीन सिमेंट छान जुळलंय. पण त्याचं बिल वेगळं, आणि चहा मी सोडलेला नाही. दात पुन्हा पिवळे पडले की हेच सिमेंट जास्त पांढरं दिसणार. त्यामुळे क्लिनिकला दोनच स्टार. रेट विचारताना "पुढच्या फिलिंगसकट किती?" असंच विचारा. मी बिलावर सूट मागितली, तर एकदा फुकट पॉलिश करून दिलं.