पाळी पुढे-मागे होतेय: अशोकारिष्ट, कुमार्यासव की डॉक्टरांची गोळी?

मेडिकलमध्ये जाऊन "पाळीसाठी काहीतरी आयुर्वेदिक द्या" म्हटलं की बरेचदा अशोकारिष्टाची बाटली समोर येते. पण तुमची पाळी दोन-दोन महिने येतच नसेल, तर हे औषध तुमच्या तक्रारीचं नाही. अंगावरून जास्त जातंय, आठ-दहा दिवस थांबत नाही, यासाठी ते मुख्यतः सांगितलेलं आहे. लांबणाऱ्या आणि कमी जाणाऱ्या पाळीसाठी वैद्य कुमार्यासव किंवा रजःप्रवर्तिनी वटी देतात. एक स्राव आवरायला, दुसरं पाळी आणायला. म्हणून आधी तीन-चार महिन्यांच्या तारखा लिहून काढा. मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत येत असेल, तर दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले म्हणून औषध लागत नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं.

अशोकारिष्टात अशोकाची साल, धायटीची फुलं आणि गूळ असतो. सोसायटीच्या कुंपणाला उभा उंच, सरळसोट अशोक तो हा नव्हे. औषधाचा अशोक केशरी-लाल फुलांच्या झुपक्यांचा असतो. भेसळ होते ती इथेच, त्यामुळे झाडाची साल आणून घरी काढा करायच्या भानगडीत पडू नका. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं थोडं मद्य असतं आणि गूळही भरपूर, म्हणून मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर विचारूनच घ्या.

रजःप्रवर्तिनीबद्दल मला जास्त काळजी वाटते. तिच्यात कोरफडीचा सुकवलेला रस, कासीस (हिराकस), टंकण (टाकणखार) आणि हिंग असतो. पोटात मुरडा येऊ शकतो, जुलाब होऊ शकतात. गरोदरपणात तर ती अजिबात घ्यायची नाही, कुमार्यासवही नाही. लग्न झालेलं असो-नसो, गर्भ राहण्याची शक्यता असेल तर पाळी आणणारं काहीही घेण्याआधी लघवीची चाचणी करा. किट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. कच्ची पपई खाऊन वाट बघत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आधी उरकावं.

तीळ-गूळ, अळीवाची खीर, शेपा? खा, पोषण म्हणून चांगलंच आहे. त्यावर पाळीची तारीख सोपवू नका.

आता डॉक्टरांची गोळी, म्हणजे पाळी आणण्यासाठी देतात ती प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची. ती पाच-दहा दिवस घेऊन बंद केली की सहसा आठवडाभरात पाळी येते. इतक्या खात्रीने हे कुठलंच आसव करत नाही. पण म्हणून मूळ कारण गेलं असं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होऊ शकतं. आयुर्वेदाकडून अपेक्षा असते ती मुळावर काम करण्याची. चांगला वैद्य झोप, भूक, पोट साफ होणं, वजन हे सगळं विचारतो, निदान तीन महिने मागतो. ही बाजू मला मोलाची वाटते, कारण पीसीओडीत (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासात) वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. औषधांमागे मात्र मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा नाही, हेही लक्षात ठेवून निवडा.

गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का? मग ती पाळी मागेपुढे होणारच. त्यावर लगेच दुसरं औषध नको, पुढची पाळी येईपर्यंत थांबा.

माझं मत असं: त्रास सौम्य असेल, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) यांच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी ठीक असेल, तर वैद्यांकडे तीन महिने द्यायला हरकत नाही. थायरॉइड बिघडलेलं निघालं तर आधी त्याचीच गोळी. तीन महिने पाळीच नाही, तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चालू गोळ्यांची यादी दोन्हीकडे दाखवा. आणि कागदात बांधलेल्या, वर काहीच न लिहिलेल्या पुड्या घेऊ नका. घटकद्रव्यं, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलं औषधच घ्या.