ओटागो की ताई ची? तोल सांभाळायचा तर कोणता व्यायाम

उतारवयात पडणं टाळायला नुसतं चालणं पुरत नाही, पायांची ताकद आणि तोल दोन्ही कमवावे लागतात. निवड बहुधा घरी करायचा ओटागो, म्हणजे ताकद आणि तोलाच्या व्यायामांचा न्यूझीलंडमधला कार्यक्रम, आणि वर्गात शिकायची ताई ची, म्हणजे संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायाम, यांत होते.

आकड्यांत ताई ची दमदार आहे. २०१८ साली अमेरिकेत सत्तरीपुढच्या ६७० जणांवर चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा तासभर, असे २४ आठवडे ताई ची करणारे, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के कमी वेळा पडले. न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या चार चाचण्या एकत्र धरल्या तर घट ३५ टक्के. पण दोन्हींकडे तुलनेचे गट वेगळे, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही.

माझा कल ओटागोकडे आहे, तो खंड पडण्यामुळे. अशक्त माणसाचा व्यायाम तुटतोच: कधी ताप, कधी गुडघा, कधी डोळ्याचं ऑपरेशन. ताई चीत हालचालींचा क्रम असतो. पंधरा दिवसांनी परतलेला माणूस तो क्रम विसरलेला असतो आणि शिक्षकाच्या हातांकडे बघत राहतो. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण नेणं, हे खरं काम, अर्धवट राहतं. ओटागोत प्रत्येक व्यायाम सुटा आहे: खुर्चीतून उठणं, टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून उभं राहणं. आजारपणानंतर घोट्याला बांधायचं वजन कमी करायचं, जड टेबलाला हात लावायचा आणि पुन्हा सुरू.

ओटागो अडतो तो घोट्याच्या वजनपट्ट्यापाशी. थकवा येण्याआधी ८ ते १० वेळा नीट उचलता येईल असं वजन घ्यायचं. २-३ सेकंदांत वर, ४-५ सेकंदांत खाली. दहा-दहाचे दोन संच सहज जमले की वजन वाढवायचं. घरी एकटं असताना हे वाढवणंच राहून जातं. सहा महिन्यांनीही तोच एक किलो, टेबलावर तोच हात. मूळ कार्यक्रमात फिजिओथेरपिस्ट पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आठवड्यात आणि पुढे सहा महिन्यांनी घरी येतो, तो व्यायाम पुढच्या पायरीवर न्यायला. या भेटी गाळून नुसता व्यायामांचा कागद हातात दिला, तर फार अपेक्षा ठेवू नये.

चाल स्थिर असेल, सोबत आवडत असेल आणि वर्ग चुकणार नसेल, तर ताई ची खुशाल निवडावी. खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागत असेल, तर मात्र आधी सहा महिने ओटागो करावा असं मला वाटतं. ताई ची त्यानंतरही शिकता येते.