सात सीटची गाडी, चौदा महिने आणि शेवटची रांग

गाडी घरात येऊन चौदा महिने झाले. मीटर २१,४०० वर आहे. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो होतो, पण तेव्हा नुसतं कौतुकच झालं असतं. नव्या गाडीची आणि नव्या जावयाची खोट पहिल्या महिन्यात कुणाला दिसत नाही.

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावरनं भांडतात, आणि मला बोलायचंय सीटवर. एवढंच सांगतो: सात सीट, पेट्रोल, मॅन्युअल, लांबी चार मीटरच्या वर, दारं साध्या कारसारखी बाहेर उघडणारी. सोलापुरात अशी गाडी घ्यायची म्हटलं की जी चार-पाच नावं निघतात, त्यातलीच एक.

आमच्या घरात माणसं मोजून सात. अण्णा, आई, आत्या, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. आधी दहा वर्षं पाच सीटची छोटी हॅचबॅक होती. तुळजापूरला जायचं ठरलं की घरी कोण थांबणार यावर आदल्या रात्री बैठक बसायची. आत्या दर वेळी "मी राहते की, माझं काय" म्हणायची आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही. ही गाडी खरं तर त्या दोन दिवसांसाठी घेतली.

आधी चांगलं सांगतो. अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेत. पूर्वी लग्नाकार्याला भाड्याची सुमो यायची, तेव्हा त्यांना खालून आधार देऊन वर चढवावं लागायचं. त्या गाड्यांचं बांधकामच तसं, खाली लोखंडी चॅसी म्हणजे सांगाडा आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी, त्यामुळं आतली जमीन उंच. १९९४ ची सुमो, २००० ची क्वालिस, २००५ ला आलेली इनोव्हा, सगळ्या याच जातीच्या. २०१२ ला एर्टिगा आली ती कारच्या घडणीची, बॉडी आणि चॅसी एकच. पुढं इनोव्हानंही २०२२ च्या हायक्रॉसमध्ये वेगळी चॅसी सोडून दिली. आमची गाडी या दुसऱ्या घडणीची आहे. हॅचबॅकमध्ये अण्णांना गुडघ्यावर भार देत खाली जावं लागायचं, सुमोत वर चढावं लागायचं. इथं पाठमोरं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. मला विचाराल तर या गाडीचं सगळ्यात मोठं फीचर हेच. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही, टचस्क्रीनवर मात्र दोन पानं आहेत.

दाराचं मात्र दुखणं आहे. आमचं घर साखर पेठेतल्या बोळात. गाडी बोळात घातली की दार पूर्ण उघडत नाही, भिंत आडवी येते. मग सगळ्यांना नाक्यावर उतरवायचं आणि गाडी एकट्यानं आत न्यायची. अशा वेळी जुन्या ओम्नीची आठवण येते, बाजूला सरकणारं दार होतं तिला. ते दार आता एकतर स्वस्तातल्या ईकोत मिळतं नाही तर थेट महागड्या कार्निव्हलमध्ये, मधल्या बजेटवाल्यानं भिंत खरवडायची.

आता मुख्य गोष्ट. पहिले आठ महिने मी शेवटच्या रांगेत एकदाही बसलो नव्हतो. गाडी माझी, चालवणार मी, मागं मुलगी आणि आत्या. मुलगी दर वेळी मळमळतंय म्हणायची आणि आम्ही दर वेळी "मोबाईल बघू नको" म्हणायचो. मे महिन्यात मामा आले होते. तुळजापूरहून परत येताना त्यांना गाडी चालवून बघायची होती, म्हणून मी मागं गेलो. जेमतेम ४५ किलोमीटर.

घाट उतरेपर्यंत मला सगळं कळलं. मागच्या चाकांचा सांगाडा, स्पेअर चाक, सगळं शेवटच्या रांगेच्या जमिनीखाली. त्यामुळं तिथली जमीन उचललेली, आणि छत मात्र नेमकं तिथंच खाली उतरतं. बसायची गादी मग कुठं जाणार? तीही जमिनीलगत. गुडघे छातीशी येतात, मांड्यांना खालून आधारच मिळत नाही. शेवटची सीट मागच्या चाकांवर येत असल्यानं खड्डा पुढच्याला हलवतो आणि मागच्याला उडवतो. एसटीच्या शेवटच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. समोर दुसऱ्या रांगेच्या पाठी, रस्ता दिसत नाही. बाजूची काच लहान आणि न उघडणारी. रस्ता दिसत नसताना अंग हिंदकळलं की पोट ढवळणारच, त्यात मोबाईल बिचारा काय करणार.

एसीचंही तेच. आमच्या गाडीत छताला ब्लोअर आहे, दुसऱ्या रांगेच्या डोक्यावर. त्याला स्वतःची गार करणारी कॉईल नाही, पुढून आलेली गार हवा ओढून मागं फेकतो एवढंच. पुढं मी माझ्यापुरता ब्लोअर एकवर ठेवायचो. मला गार वाटायचं आणि मागं आत्या पदरानं वारा घ्यायची. आता सोलापूरच्या उन्हाळ्यात निघताना पहिली पाच मिनिटं काचा खाली, मग पुढचा ब्लोअर मोठा, आणि पुढच्या मधल्या झडपा वर छताकडं वळवलेल्या. मागं हवा पोचते, फक्त आधी पुढच्यानं थोडं गारठावं लागतं. शेवटच्या रांगेला स्वतःच्या झडपा असलेल्या गाड्या आता मिळतात. घेणाऱ्यानं त्या आहेत का एवढं नक्की बघावं, सनरूफ नसलं तरी चालेल. आमच्या उन्हात सनरूफ उघडणार तरी कधी?

त्या दिवसानंतर घरात नियम झाला. दुसरी रांग कायम दोन खाचा पुढं सरकवलेली. तिथल्यांचे गुडघे थोडे अडतात, पण मागच्यांचे सुटतात. आणि तासाभराच्या पुढचा प्रवास असेल तर चहाला थांबलं की मागचे पुढं, पुढचे मागं. पुण्याला जाताना टेंभुर्णीला बायको चालवायला बसते आणि मी मागं जातो. अण्णा-आईंना सूट. मुलीची मळमळ निम्म्यानं कमी झाली. उरलेली निम्मी मोबाईलची, हे आता ती स्वतःच कबूल करते.

लहान मुलाची सीट बसवताना मी मोठी चूक केली. आयसोफिक्सचे हूक, म्हणजे मुलाची सीट गाडीला अडकवायचे, दुसऱ्या रांगेत दोन्ही कडांना आहेत. मी हौसेनं डाव्या बाजूला सीट बसवली, फूटपाथची बाजू म्हणून. नंतर लक्षात आलं की तिसऱ्या रांगेत जायला त्याच बाजूची सीट पुढं सरकवावी लागते, आणि तिच्यावर मुलाची सीट अडकवली की ती सरकत नाही. आत्याला रस्त्याच्या बाजूनं, मागून रिक्षा येत असताना चढावं लागलं. सीट दुसऱ्या दिवशी उजवीकडं हलवली. किआ कॅरेन्स गाडीच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये बटण दाबलं की दुसऱ्या रांगेची सीट विजेवर दुमडते, दिसायला भारी आहे, पण मुलाची सीट बसवली असेल तर बटणही मुकाट. रेनोच्या ट्रायबरमध्ये मागच्या सीटा काढूनच ठेवता येतात. ती सोय मला खरोखर कामाची वाटली, फक्त काढलेली सीट ठेवायला घरात जागा पाहिजे.

सामानाचं फार लिहीत नाही. सातही सीटा उभ्या असतील तर मागं दोन उभ्या बॅगा आणि एक पिशवी, बस्स. २०१८ ला आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एर्टिगाचे आकडेच बघा: सगळ्या रांगा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी पाडली की ५५०. म्हणजे माणसं किंवा सामान, एक काय ते निवडा. सीएनजी यासाठीच घेतली नाही, टाकी तेवढ्याच जागेत बसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आत्यानं पोळपाट-लाटणं, दोन परड्या आणि एक भलीमोठी कढई घेतली होती. कढई मुलीच्या मांडीवर आली.

आतला रंग. शोरूमवाला काळ्यासाठी मागं लागला होता, मी बेज घेतला. ४२ अंशात काळ्या सीटवर बसून दाखवा म्हटलं. बेजवर तिसऱ्याच महिन्यात शेंगा चटणीचं तेल सांडलं, तो डाग अजून आहे. तरी बेजच घेईन. काचांना काळी फिल्म लावायचा मोह होतो, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१२ लाच ती बंद केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. म्हणून गाडी उन्हात लावली की मी सीटांवर जुनी सोलापुरी चादर पसरतो. परत आल्यावर चादर काढली की खालची सीट बसण्यासारखी असते. शिवाय झोपलेल्या पोराला पांघरायला तीच.

सीट कव्हरची गोष्ट सांगायलाच हवी. पुढच्या सीटांच्या कुशीत साइड एअरबॅग आहेत. ती फुटायला सीटच्या कडेची शिवण उसवावी लागते. बाजारातलं जाड कव्हर चारी बाजूंनी आवळून शिवलं की एअरबॅगला बाहेर यायला वाटच राहत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "काय होत नाही मालक, सगळेच घालालेत." दुसऱ्या दुकानात एअरबॅगसाठी कड मोकळी ठेवलेलं कव्हर मिळालं. जास्तीचे पैसे गेले.

चालवण्याबद्दल थोडक्यात. एकटा असलो की गाडी हलकी वाटते, सात जण बसले की तुळजापूरच्या घाटात तिसऱ्याचा दुसरा गिअर करावा लागतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरची हवा वेगळी लिहिलेली असते. मी सहा महिने तो वाचलाच नव्हता. हवा वाढवल्यावर मागचं डुलणं कमी झालं. ॲव्हरेज शहरात साडेअकरा, सात जण आणि एसी घेऊन पुण्याला १५, एकटा गेलो तर १८. पुण्याच्या फेऱ्या बऱ्याच होत असल्यानं फास्टॅगचा वर्षाचा पास काढला, तेव्हा ३००० रुपयांचा होता, २०० वेळा टोलनाका ओलांडायला. आमच्यासाठी तो परवडला.

कुरकुर एकच राहिली. तिसऱ्या रांगेची दुमडायची कडी खडखडते. सर्व्हिसला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर फिरवून "आवाज येत नाही" असं लिहून दिलं. शेवटी कडीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा अडकवला. बंद झाली.

गेल्या महिन्यात बार्शीचे दाजी आले. त्यांनाही अशीच गाडी घ्यायची होती, चावी मागायला लागले. म्हटलं, देतो, पण आधी मोहोळपर्यंत मागं बसा. ताई हसत होती. मोहोळला चहा झाल्यावर दाजी काही न बोलता पुढच्या सीटवर येऊन बसले आणि सोलापूर येईपर्यंत गुडघे चोळत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर शोरूमला गेलो. सेल्समननं ड्रायव्हरचं दार उघडून धरलं, "या ना साहेब, बसून बघा." दाजी त्याला ओलांडून गेले, दुसरी रांग सरकवली आणि सगळ्यात मागं जाऊन बसले. आतनं ताईला हाक मारली, "तू पण ये. आणि ह्याला सांग, एसी चालू कर."