टँकमधली झाडं कुंडीतली निघाली

घरात खऱ्या वनस्पतींची फिशटँक लावायचं मनात असेल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. उपनगरातल्या एका मोठ्या दुकानाने आम्हाला जवळजवळ चार हजारांना फसवलं. ही फसवणूक लगेच कळत नाही. झाड हळूहळू मरतं आणि आपण आपल्याच काळजीत काही कमी पडलं का, हे शोधत राहतो.

दोन फुटी टँक, लाइट, फिल्टर घेऊन झाल्यावर दुकानदाराने लालजांभळ्या पानांचं रोप काढलं. 'ब्राझिलियन रेड', अडीचशेला एक. सोबत पांढऱ्या कडांची उभी पट्टेदार रोपं आणि बाणासारख्या पानांचं एक. "मॅडम, सगळी पाण्यातलीच. बघा ना, टँकमध्येच ठेवलीत." खरंच, काचेमागे पाण्यात बुडालेली, टवटवीत होती.

आमच्याकडेही काही दिवस तशीच राहिली. मग पानांच्या कडा आरपार दिसायला लागल्या, नंतर तपकिरी झाल्या. एक खोड चिमटीत धरलं तर वरचा थर बुळबुळीत होऊन हातात आला आणि आत नुसता दोरा उरला. पाण्याला कुजक्या पालेभाजीचा वास येत होता.

दुकानात फोटो दाखवले. "मेल्ट होतंय, घाबरू नका. नवी पानं येतील." इथेच त्याची चलाखी आहे, कारण मेल्ट होणं ही खरी गोष्ट आहे. क्रिप्टोकोरायनसारख्या कितीतरी पाणवनस्पती नर्सरीत पाण्याबाहेर वाढवतात. टँकमध्ये लावल्या की जुनी पानं विरघळतात, पण मूळ घट्ट राहतं आणि काही आठवड्यांत मधून नवं पान फुटतं. आमच्या रोपांचं खोडच सडत होतं, नवा कोंब कुठेच नव्हता. हा फरक त्या माणसाला नक्की माहीत होता. तरी त्याने आधी खत दिलं, मग सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, गोळ्या, मग बॅक्टेरियाची बाटली. शेवटी म्हणाला, मुंबईचं पाणीच खराब, आणि त्यावर आणखी एक औषध.

या वाक्याचा मला फार राग आला. आपलं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांतून येतं. त्यात क्षार कमी असतात, आणि बहुतेक पाणवनस्पतींना तसंच पाणी मानवतं. क्लोरीन तेवढं काढावं लागतं.

उलगडा राणीच्या बागेत झाला. महापालिकेच्या झाडाफुलांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर आमचं 'ब्राझिलियन रेड' मातीच्या कुंडीत उभं होतं, तीस रुपयांना. स्टॉलवरच्या काकांनी नाव सांगितलं, हेमीग्राफिस. बागेत जमीन झाकायला लावतात. पट्टेदार होतं ते ड्रॅसीना, म्हणजे लकी बांबूचंच भावंड, आणि बाणाच्या पानांचं सिंगोनियम. "ताई, यांची पानं बुडवून ठेवली तर साठवलेल्या अन्नावर थोडे दिवस काढतील, मग कुजणारच," काका म्हणाले.

पैशापेक्षा मासे गेल्याचं दुःख जास्त आहे. झाडं कुजली की पाण्यात अमोनिया वाढतो. नव्या टँकमध्ये तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि दुकानदाराने तर दुसऱ्याच दिवशी मासे सोडायला सांगितलं होतं. निऑन टेट्रा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायचे. एकेक करून सगळे गेले.

रोप घेताना शास्त्रीय नाव विचारा आणि दुकानातच मोबाइलवर शोधा. 'रेड प्लांट', 'इम्पोर्टेड' एवढंच उत्तर मिळालं तर घेऊ नका. पानं कडक, मेणचट आणि चमकदार असली की संशय घ्या. मात्र अनुबियासचं पान खऱ्या पाणवनस्पतीचं असूनही जाड आणि कडक असतं, त्यामुळे नाव तपासणं हाच पक्का उपाय. सुरुवातीला अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया लावा. पहिल्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरू नका, लाकडाला किंवा दगडाला बांधा. पांढरे दगड कोणी गळ्यात मारत असेल तर एकावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो पाण्याचा जडपणा वाढवणार.

आणि बिल घ्या. आम्हाला "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" असं सांगून कोरा कागद दिला होता. यूपीआयची नोंद, रोपांचे फोटो आणि 'मेल्ट होतंय' हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार केली आहे. तुम्हालाही अशी रोपं मिळाली असतील तर ती फेकून देण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि मासे जिवंत असतील तर सडणारं प्रत्येक पान आजच बाहेर काढून थोडं पाणी बदला.