चुकलेले सुधारते, राहिलेले छळते : माजी सैनिकांच्या नोंद-दुरुस्ती सेवेबद्दल अभिप्राय

माजी सैनिकाच्या सेवा-नोंदीतील चूक दुरुस्त करून देणे ही सरकारची एक सेवा आहे, आणि बँकेची किंवा टपाल खात्याची सेवा आपण जशी पारखतो तशीच तीही पारखली पाहिजे, असे मला वडिलांच्या कागदपत्रांच्या निमित्ताने वाटू लागले. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नोंदीत आईचे नाव माहेरचे राहिले होते, आणि तिच्या जन्मतारखेचा रकाना तर कोराच होता. या दोन गोष्टींसाठी तीन ठिकाणी जावे लागले : वडिलांच्या कोअरचे रेकॉर्ड ऑफिस, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ‘स्पर्श’ हे निवृत्तिवेतनाचे संकेतस्थळ. अभिप्राय या तिन्हींबद्दल आहे. मात्र खरी किल्ली रेकॉर्ड ऑफिसच्याच हाती असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे भाग आहे.

लष्करात प्रत्येक रेजिमेंटचे आणि कोअरचे रेकॉर्ड ऑफिस वेगळे असते, हे अनेक कुटुंबांना माहीत नसते आणि पहिला अर्ज बहुधा त्यामुळेच चुकीच्या पत्त्यावर जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला, तर महार रेजिमेंटचे थेट मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. जवान भरती झाल्यापासूनचा त्याचा शीट रोल, म्हणजे सेवेची आणि कुटुंबाची मूळ नोंदपत्रिका, येथे सांभाळला जातो. लग्न, मुलांचे जन्म, बढती, बदली अशी प्रत्येक गोष्ट युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून कळवायची आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद व्हायची, अशी पद्धत आहे. पद्धत चोख आहे. पण तिची सगळी भिस्त जवानाने रजेवरून परत आल्यावर युनिटच्या कारकुनाला काय सांगितले आणि कारकुनाने काय ऐकले यावर आहे. आमच्याकडचा ज्ञानेश्वर हिंदी बोलणाऱ्या कारकुनाच्या हातून ‘ग्यानेश्वर’ होतो, बाळूचा ‘बालू’ होतो, आणि वडिलांचे नाव मध्ये घालून आडनाव शेवटी लिहिण्याची आपली रीत कारकुनाला ठाऊक नसली, तर बापाचे नावच आडनाव होऊन बसते. पन्नास वर्षांनी आधार कार्डाशी ताळा घालायची वेळ येते तेव्हा हे सारे ‘विसंगती’ या सदरात मोडते.

अशा चुका सुधारणे फारसे अवघड नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि जुना पुरावा व्यवस्थित जोडला, तर चुकलेले अक्षर दुरुस्त होते, कारण मुळात काहीतरी लिहिलेले असते आणि नवा कागद त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतो. खरी अडचण जे लिहिलेच गेले नाही त्याची आहे. कोऱ्या रकान्याबद्दल कोणी पत्र पाठवत नाही. निवृत्तिवेतन दरमहा जमा होत राहते, आणि जवान हयात असेपर्यंत त्या रिकाम्या जागेची कोणाला गरजही पडत नाही.

ती गरज कधी पडते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. निवृत्तिवेतनधारकाला ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के जादा रक्कम मिळते. पंच्याऐंशीनंतर ३०, नव्वदनंतर ४०, पंच्याण्णवनंतर ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के. हीच वाढ कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही लागू आहे. मात्र तिच्यासाठी वय मोजायचे ते तिचे स्वतःचे, आणि तिची जन्मतारीखच नोंदीत नसेल तर मोजायचे कशावरून? निवृत्तीनंतर जवानाचा मृत्यू झाला तर पत्नीला सात वर्षे, किंवा तो हयात असता तर सदुसष्ट वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर वाढीव दराने आणि त्यानंतर ३० टक्के या साधारण दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. म्हणजे जवानाच्या जन्मसालात एका वर्षाची चूक असली, तर तिचा हिशेब पत्नीच्या ताटात पडतो. जन्मापासून अपंग असलेल्या मुलाचे नाव नोंदीत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याचा हक्क सिद्ध करण्याचे काम त्या मुलावर किंवा त्याच्या भावंडांवर येते. माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, म्हणजे ईसीएचएसच्या कार्डासाठीही हेच : अवलंबित म्हणून नाव घालायचे, तर ते मुळात सेवा-नोंदीत असावे लागते.

आता आमच्या प्रकरणाकडे येतो. लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची चाल आमच्याकडे अगदी परवापर्यंत होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे आणि त्या दिवसापासून माहेरचे नाव फक्त माहेरच्यांनी घ्यायचे. आईचे आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सगळे सासरच्या नावाने आहे. लष्कराकडे मात्र वडिलांनी लग्नानंतर ग्रामपंचायतीचा जो दाखला नेला त्यात माहेरचे नाव होते, आणि तेच शीट रोलमध्ये चढले. जन्मतारखेसाठी पुरावा हवा म्हणून तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला. चौथीत शाळा सुटली असली तरी नोंद शाबूत होती, निळ्या शाईत, शेऱ्याच्या रकान्यात ‘घरकामामुळे’ असे कारण लिहिलेली. त्या उताऱ्यावर अर्थातच माहेरचे नाव होते, आणि लष्कराच्या नोंदीतही तेच नाव असल्यामुळे जी चूक सुधारायला आम्ही निघालो होतो तीच जन्मतारखेच्या पुराव्याला आधार देणारी ठरली. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर साखळी पूर्ण झाली. ज्यांना पत्नीचे नाव आणि जन्मतारीख दोन्ही दुरुस्त करायची आहेत, त्यांनी दोन्हींचा अर्ज एकत्रच करावा, हे मी त्यामुळेच आग्रहाने सांगतो. आधी नाव बदलून घेतले असते, तर शाळेचा उतारा परका ठरला असता.

रेकॉर्ड ऑफिसच्या वागणुकीबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. कागद अपुरे असले तर सगळ्या त्रुटी एकदम कळवायच्या, एवढे साधे पथ्य तेथे पाळले गेले नाही. छापील पत्र यायचे, त्यात पाचसहा ओळी असायच्या आणि एका ओळीपुढे पेनाने बरोबरची खूण केलेली असायची : ‘संयुक्त छायाचित्र साक्षांकित नाही.’ ते पाठवावे, तर पुढच्या पत्रात त्याच छापील ओळींपैकी दुसरीपुढे खूण. साक्षांकनाची सही आणि शिक्का निम्मा फोटोवर आणि निम्मा कागदावर यावा लागतो, हे कुठेच लिहिलेले नव्हते. परत आलेल्या फोटोवरून ते उमगले. मला यात कोणाचा दुष्टपणा दिसला नाही. फोनवर बोलणारे नायब सुभेदार वडिलांना ‘साहब’ म्हणत आणि नंबर विचारल्यावर वडील आर्मी नंबर, रँक, नाव अशा क्रमाने खाड्कन सांगत तेव्हा दोन्ही टोकांना समाधान वाटत असावे. पण सौजन्याने काम पुढे सरकत नाही. सर्व कागदांची एकच यादी पहिल्याच पत्रासोबत पाठवली, तर निम्मा पत्रव्यवहार वाचेल. अखेरीस मात्र काम पक्के झाले. नोंदीची पार्ट टू ऑर्डर निघाली, सुधारित पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेश, आला आणि त्यात आईचे नाव व जन्मतारीख दोन्ही बिनचूक आहेत.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला मी सर्वांत जास्त गुण देईन. पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीतली ही जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यालये शिष्यवृत्ती आणि ओळखपत्र यांसाठीच असतात असा समज आहे. प्रत्यक्षात नोंद-दुरुस्तीचा अर्ज तपासून, साक्षांकित करून, योग्य पत्त्यावर रवाना करणे हे त्यांच्या कामातले मोठे काम आहे, आणि टेबलापलीकडे बसलेला माणूस बहुधा स्वतः गणवेश घालून आलेला असल्यामुळे त्याला अर्ध्या वाक्यात कळते. आमचा कागद हाती घेताच तेथील लिपिकाने ‘नोंदणीचा जुना अर्ज काढून बघू’ म्हटले. निवृत्तीनंतर वडिलांनी नाव नोंदवताना कुटुंबाचा जो तपशील स्वतःच्या हस्ताक्षरात भरला होता, तो तेथे जपलेला होता आणि त्यात आईची दोन्ही नावे होती. ज्यांच्या घरातले जुने कागद पुरात, वाटणीत किंवा वाळवीत गेले आहेत, त्यांनी हे दार आधी ठोठवावे.

‘स्पर्श’बद्दल लोक फार टोकाचे बोलतात. प्रयागराजच्या संरक्षण लेखा खात्याकडून चालणाऱ्या या यंत्रणेत ३० लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांची खाती आणली गेली आहेत, आणि बँकेच्या मध्यस्थीशिवाय रक्कम थेट खात्यात जमा होते. पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांसारखे बदल घरबसल्या होतात, हयातीचा दाखला होतो, आणि अर्जाला क्रमांक मिळत असल्यामुळे तो कोठे अडकला हे निदान विचारता तरी येते. पूर्वी पाठवलेल्या अर्जाची पोच मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होते, त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे. पण जुन्या पीपीओतील माहिती जशी होती तशी तेथे आल्यामुळे जुनी गाळाची विहीर नव्या टाकीत उपसल्यासारखे झाले आहे : टाकी चकचकीत, पाणी तेच. नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर अर्ज फिरून रेकॉर्ड ऑफिसच्याच मान्यतेला जातो, हे संकेतस्थळावर ठळकपणे सांगितले पाहिजे. ऐंशी वर्षांच्या माणसाने हे इंग्रजी-हिंदी पडदे स्वतः हाताळावेत ही अपेक्षाही अवास्तव आहे. गावातल्या सामायिक सेवा केंद्रातील मुलगा किंवा नातू बरोबर हवाच. आपल्या खात्यात पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि मुलांची नावे काय दिसतात, हे मात्र प्रत्येकाने आजच उघडून पाहावे.

काम अडलेच तर माहितीच्या अधिकाराचा उपयोग होतो. रेकॉर्ड ऑफिसलाही हा २००५ चा कायदा लागू आहे. दहा रुपये शुल्क भरून आपल्या शीट रोलची आणि कुटुंबाच्या तपशिलाची प्रत मागता येते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. माझ्या मते दुरुस्तीचा अर्ज करण्याच्याही आधी ही प्रत मागवावी, कारण नोंदीत नेमके काय आहे हे न पाहता केलेला अर्ज म्हणजे अंधारात मारलेला दगड. त्यापुढचा टप्पा सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. त्याचे मुंबईत पीठ आहे, आणि विभागाच्या अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तेथे जावे लागते. न्यायालयांनी राहिलेल्या नोंदीचा भार नेहमीच जवानावर टाकला आहे असे नाही. धर्मवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी जवानात काही आजार असल्याची नोंद केलेली नसेल, तर तो भरतीला निरोगी होता असे धरावे, आणि पुढे उद्भवलेल्या अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी लष्कराची आहे. तेथे कोरा रकाना जवानाच्या बाजूने बोलला. पत्नीच्या जन्मतारखेच्या बाबतीत असे काही गृहीत धरणारा नियम असता, तर कितीतरी म्हाताऱ्या बायांच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

निवृत्तिवेतनाला पात्र होण्याआधीच जे घरी आले त्यांच्यासाठी ही सेवा फार तोकडी आहे. अशांची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात आणि मागे उरतो तो लाँग रोल, ज्यात नंबर, नाव, भरती आणि सेवामुक्तीची तारीख यापलीकडे फारसे काही नसते. पदकांच्या राहिलेल्या नोंदींसाठीही अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडेच करायचा असतो. त्यात पैशाचा प्रश्न नसल्यामुळे घरचे मागे लागत नाहीत आणि ऑफिसलाही घाई नसते.

गुण द्यायचे तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाचपैकी साडेचार, ‘स्पर्श’ला तीन, आणि रेकॉर्ड ऑफिसला कामाच्या पक्केपणासाठी चार पण पत्रव्यवहारासाठी दीड. प्रतिज्ञापत्र आणि टपाल सोडले तर खर्च जवळजवळ नाही, तेव्हा ‘आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांना पैसे देण्याचे कारण नाही. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ च्या युद्धासाठीच्या संग्राम मेडलची नोंद नाही, असे या सगळ्या कागदांच्या घोळात लक्षात आले. त्याचा अर्ज आता गेला आहे, आणि उत्तर आले की या अभिप्रायात भर घालीन.