आमच्या गावची जि.प. शाळा, 5 पैकी 3 स्टार

3 स्टार फक्त मास्तर लोकांचे, शिकवतात मनापासून. पण पैशाचं पाहा ना भाऊ, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान पटावर मिळते, 30 पोट्ट्यांच्या आत असलं का वर्षाचे 10 हजार अन् शंभराच्या आत 25 हजार, त्यातच खडू, नळाची तोटी, संडासची सफाई सगळं बसवा. छप्पर तर लहान शाळेचंबी तेवढंच गळते! लाइटबिल थकलं म्हणून टीव्ही बंदच आहे. ज्यांच्याकडे पैसा त्यांनी लेकरं कॉन्व्हेंटात टाकले, मग पट अजून खाली. पाचवीनंतर बाहेरगावी जा लागते, पोरींना मानव विकास या सरकारी योजनेची निळी बस फुकट आहे (हे मात्र झकास काम), पण नाल्याला पूर आला का तेबी बंद. पहिली-दुसरीसाठी खुशाल घाला.