बॅलन्स लाइनमध्ये लपवलेली चकती: उपसा सिंचन संस्थांनी हे जरूर वाचावं

पाण्याची पाळी सुरू होण्याआधी पंपांचं ओव्हरहॉलिंग (पूर्ण उघडून दुरुस्ती) बाहेर देणाऱ्या सगळ्या संस्थांसाठी हे लिहितोय. आमच्या संस्थेला एका दुरुस्तीवाल्याने ज्या पद्धतीने फसवलं, ती पद्धत इतकी बेमालूम आहे की अनुभवी ऑपरेटरलाही काम उत्तम झाल्यासारखंच वाटतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांत आहे. पण त्याने काय केलं ते सविस्तर सांगतो.

आमचा जॅकवेल, म्हणजे पंपाची विहीर, नदीकाठी आहे. तिथून साधारण 180 मीटर चढावर माळाला पाणी जातं. पंप सहा स्टेजचा (एकामागे एक सहा इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारी पात्यांची चाकं), आडवा, चौदाशे ऐंशी आरपीएमचा. यंत्रांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

फसवणूक समजायला आधी पंपातला थ्रस्ट, म्हणजे शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलणारा जोर, समजला पाहिजे. इम्पेलर फिरताना त्याच्या पाठीमागे पूर्ण दाब असतो. पुढच्या बाजूला मात्र पाणी आत शिरतं त्या तोंडापाशी दाब कमी असतो. दोन्ही बाजूंच्या दाबातला हा फरक अख्ख्या शाफ्टला सक्शनकडे, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूकडे, ढकलतो. आमच्या पंपाचाच हिशेब घ्या. एका स्टेजला 30 मीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तीन किलोचा दाब. वेअर रिंगचा (इम्पेलरच्या तोंडाभोवतीच्या झिजणाऱ्या कड्याचा) व्यास 150 मिलिमीटर, शाफ्टचा 60. मधल्या जागेचं क्षेत्रफळ सुमारे 148 चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर तीन किलोप्रमाणे साडेचारशे किलोच्या आसपास जोर येतो. मध्याकडे दाब उतरत जातो म्हणून प्रत्यक्षात त्याच्या पाऊणपट धरा. सहाही इम्पेलर एकाच दिशेला तोंड करून बसवलेले असल्याने सगळ्यांचा जोर एकत्र होतो आणि दोन टनांपर्यंत जातो.

हे दोन टन बेरिंगने पेलायचे नसतात. त्यासाठी शेवटच्या स्टेजमागे शाफ्टवर बॅलन्स ड्रम, म्हणजे एक दंडगोल, असतो. ड्रमच्या एका बाजूला पंपाचा पूर्ण दाब, दुसऱ्या बाजूला बॅलन्स चेंबर. या चेंबरमधून एक पाइप परत सक्शनला जातो, तीच बॅलन्स लाइन. ती मोकळी असेल तर चेंबरमधला दाब सक्शनच्या जवळपास राहतो, ड्रम शाफ्टला उलट्या दिशेने ओढून धरतो आणि थ्रस्टचा मोठा भाग तिथेच कटतो. उरलेला थोडा थ्रस्ट अँग्युलर कॉन्टॅक्ट बेरिंगची (लांबीच्या दिशेचा जोर पेलणाऱ्या बॉल बेरिंगची) जोडी घेते. ड्रम आणि त्याभोवतीच्या बुशमधल्या फटीतून थोडं पाणी कायम परत जातं, आणि ते जायलाच हवं. फट झिजून वाढली की परत जाणारं पाणी वाढतं आणि वर कुंडात तितकं कमी पोचतं.

आमचा ड्रम झिजलेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच ओव्हरहॉलिंग काढलं. कोटेशनमध्ये नवा ड्रम, नवी बुश, सगळ्या वेअर रिंग आणि 7310 नंबरच्या थ्रस्ट बेरिंगची नावाजलेल्या कंपनीची जोडी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जीएसटीचं बिलही पक्कं मिळालं. जुने सुटे भाग मात्र परत आले नाहीत. "भंगारात तोलून बिलातून वजा केलेत, दादा," असं दुरुस्तीवाला म्हणाला.

पंप सुरू झाला आणि कुंडावर पाणी चांगलं वाढलेलं दिसलं. संचालक खूश, सभासद खूश. "आता बॅलन्सचं लिकेज किती कमी झालं बघा की," असं म्हणत दुरुस्तीवाल्याने बॅलन्स लाइनच्या पाइपाला कान लावायला सांगितलं. पाइप शांत होता. राहिलेली रक्कम त्याच आठवड्यात दिली गेली.

पुढे काही आठवड्यांत थ्रस्ट बेरिंगचं हाउसिंग, म्हणजे बेरिंग बसतं ते घर, तापायला लागलं. हात ठेवता येईना. तेल काळं, त्यात चकाकणारा चुरा. बेरिंग गेलं होतं. त्याने ते बदललं, पैसे घेतले आणि दोष मोटरच्या अलाइनमेंटला (मोटर आणि पंप एका रेषेत नसण्याला) दिला. दुसरं गेलं तेव्हा व्होल्टेजला. त्यानंतर म्हणाला, फाउंडेशन खचलंय. शेवटी तर "हा पंप आता थकला, नवा रोटर घ्या, मी करून देतो" इथपर्यंत बोलणं आलं. प्रत्येक वेळी पंप बंद राहिला आणि ऐन उन्हात पाळी चुकली. लागणीच्या उसाला पाणी नसलं की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. ज्यांचं पीक वाळलं, त्यांना या सगळ्यात एक रुपयाही परत मिळालेला नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

निघालेलं प्रत्येक बेरिंग मी जपून ठेवलं होतं. जोडीतल्या एकाचीच धावपट्टी, म्हणजे गोळ्या फिरतात ती खाच, खराब झालेली असे. गोळ्यांची वाट बाहेरच्या रिंगच्या खांद्यापर्यंत चढलेली आणि सोलपटलेली. जोडीतलं दुसरं जवळपास कोरं. अलाइनमेंट बिघडलं असतं तर खुणा अशा दिसल्या नसत्या. हा सरळ एका दिशेने ढकलणाऱ्या जोराचा पुरावा होता.

साखर कारखान्याच्या बॉयलर फीड पंपांवर आयुष्य काढलेले एक निवृत्त फिटर आमच्या भागात आहेत. सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांनी बेरिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बॅलन्स चेंबरला गेज आहे का?" दाब दाखवणारा गेज नव्हता. तो बसवायच्या भोकाला बूच होतं. काकांनी बूच काढून गेज बसवला आणि पंप चालू करायला लावला. काटा नऊ किलोवर गेला. आमचा पंप सक्शन लिफ्टवर चालतो, तिथे काटा शून्याच्या आसपास असायला हवा होता.

बॅलन्स लाइनचे फ्लँज, म्हणजे पाइपाच्या जोडावरच्या बोल्टने आवळलेल्या तबकड्या, उघडले. दोन गॅस्केटांच्या मध्ये लोखंडी चकती निघाली. मधोमध पेन्सिल जाईल एवढंच भोक. जोड दिसू नये म्हणून फ्लँजवरून पाइपाच्याच रंगाचा हात मारलेला.

त्याने नवा ड्रम बसवलाच नव्हता. पंप उघडल्यावर जुनाच ड्रम निघाला, वरून धातूचा थर फवारून (मेटल स्प्रे) लेथवर फिरवलेला. थर ठिकठिकाणी उडालेला. बुशही जुनीच. मायक्रोमीटरने मापलेली फट मॅन्युअलमधल्या आकड्याच्या अडीच पट भरली. एवढ्या फटीतून पाणी परत वाहणार आणि काम लगेच उघडं पडणार, म्हणून त्याने परतीची वाटच आवळली. पाणी परत जाईना, म्हणून वर कुंडात जास्त पोचलं. आम्ही ज्याला सुधारणा समजत होतो, ती या चकतीची करामत होती. चेंबरमध्ये नऊ किलो दाब साचल्यावर ड्रमची निम्मी ओढ संपली आणि टनभर जोर थेट बेरिंगवर आला. बॉल बेरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताने घटतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठवा हिस्सा उरतं. इथे भार त्याहून कितीतरी जास्त वाढला होता.

त्यात बेरिंगही बनावट. खोकं सुबक, छपाई बरोबर. नंबरच्या शेवटचं अक्षर पितळी केज (गोळ्या जागेवर धरणारा सांगाडा) असल्याचं सांगत होतं, पण केजला लोहचुंबक चिकटला. पितळेला तो चिकटत नाही. पिवळा मुलामा दिलेलं पोलाद होतं ते. 110 मिलिमीटरच्या बाहेरच्या व्यासाला साधारण श्रेणीत शून्य ते 15 मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी चालतं. आमचं बेरिंग चाळीसच्या पुढे कमी भरलं. वापरलेली रिंग पॉलिश करून तिच्यावर लेझरने नवा नंबर टाकलेला होता, आणि भिंगाखाली जुन्या खुणेची सावली दिसत होती. माप कमी असल्याने रिंग हाउसिंगमध्ये फिरत होती, त्यामुळे हाउसिंगही खराब झालं. शिवाय जोडीने बसवायची बेरिंगं खास तशी घासलेली असावी लागतात, ही सुटी होती. अशा जोडीत भार नीट वाटला जात नाही.

आता काय करायचं ते सांगतो. बॅलन्स चेंबरला कायमचा गेज लावा आणि प्रत्येक शिफ्टला त्याचा आकडा डिलिव्हरी आणि सक्शनच्या दाबाशेजारी वहीत लिहायला लावा. खर्च किरकोळ आहे, आणि आमच्याकडे तो असता तर पहिल्याच दिवशी हे पकडलं गेलं असतं. ओव्हरहॉलिंगनंतर बॅलन्स लाइनचे फ्लँज आपल्या माणसासमोर उघडून दाखवल्याशिवाय पंप ताब्यात घेऊ नका. मूळ उत्पादकाने लाइनमध्ये ओरिफिस (ठरावीक मापाच्या भोकाची चकती) दिलेला असेल तर तो ड्रॉइंगवर मापासह दाखवलेला असतो. ड्रॉइंगवर नसलेली कोणतीही चकती तिथे असता कामा नये.

ड्रम, बुश, वेअर रिंग बसवण्याआधी मापून घ्या आणि मापं सहीनिशी लिहून घ्या. जुने भाग संस्थेतच ठेवायचे, भंगाराचे पैसे सोडावे लागले तरी चालेल. बेरिंग दुरुस्तीवाल्याकडून घेऊच नका, अधिकृत वितरकाकडून संस्थेच्या नावाने घ्या. एसकेएफचं ऑथेंटिकेट, शेफ्लरचं ओरिजिनचेक आणि जागतिक बेरिंग संघटनेचं अशी तपासणीची मोबाइल अ‍ॅप आहेत. शंका आली तर खोक्याचे आणि बेरिंगवरच्या नंबराचे फोटो कंपनीला पाठवता येतात. हाउसिंगचं तापमानही नोंदवा. तेलाच्या रिंगवर चालणाऱ्या बेरिंगसाठी एपीआय 610 या पंपांच्या मानकात हाउसिंगमधल्या तेलाच्या तापमानाला 82 अंश सेल्सियस ही मर्यादा आहे, पण तिथपर्यंत थांबू नका. रोजच्यापेक्षा दहा अंश वाढलं तरी कारण शोधा. आणि एकच बेरिंग एकाच बाजूने दुसऱ्यांदा गेलं, तर तिसरं विकत घेण्याआधी थ्रस्ट कुठून येतोय ते शोधायला लावा. त्या प्रश्नावर जो दुरुस्तीवाला मोटरकडे बोट दाखवतो, त्याला पंपाला हात लावू देऊ नका.

आम्ही चकती, ड्रम आणि बेरिंगं पंचनाम्यासह सीलबंद केली आहेत. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, तर बनावट नाममुद्रेचा माल विकण्यासाठी व्यापार चिन्ह कायदा 1999 मधलं कलम 104, ज्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. बेरिंग कंपनीलाही कळवलं आहे, आणि बनावट मालाच्या तक्रारीत कंपनीचा लेखी अहवाल फार उपयोगी पडतो. त्यामुळे तुमच्याकडे असं बेरिंग निघालं तर ते धुऊन-पुसून ठेवू नका, खोक्यासह आणि बिलासह जसंच्या तसं बाजूला काढा.

हा माणूस अजून काम घेतोय. नदीकाठच्या दोन-तीन गावांत त्याने यंदाही पंप उघडले आहेत. ओव्हरहॉलिंगनंतर तुमच्या कुंडावर एकाएकी पाणी वाढलं असेल आणि थ्रस्ट बेरिंगकडचं हाउसिंग तापत असेल, तर पुढची पाळी सुरू करण्याआधी ते फ्लँज उघडा.